कोंडलेला पाऊण तास

ति. आत्यास,


तुझं पत्र मिळालं. चार पानांत सोसायटीच्या सेक्रेटरीला एकही शिवी नाही, यावरूनच तुला किती लागलंय ते कळलं. शेवटी लिहिलंयस, "त्याला तुरुंगात पाठवायची मला हौस नाही. पण त्याने केलं ते काहीच नव्हतं का?"

होतं. सभेत सिंकिंग फंडाचा हिशेब विचारला म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावून बाहेरून कडी घालणं आणि माफीपत्रावर सही केल्याशिवाय सोडणार नाही म्हणणं, हे एक. रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर 'गणपतीची वर्गणी खाल्ली' असं टाकणं, हे दुसरं. पहिलं बेकायदा कोंडून ठेवणं, दुसरी अब्रुनुकसानी. दोन्ही जाणूनबुजून केलेली अपकृत्यं आहेत आणि दोन्हींसाठी दिवाणी दावा लावता येतो.

चौकीत तुझी एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घेतली आणि 'आता कोर्टात जा' म्हणून वाटेला लावलं. (कोंडून ठेवणं हा दखलपात्र गुन्हा आहे, तो एनसीत बसतच नाही. पण त्याचं भांडण वेगळं, ते या पत्रात काढत नाही.) ती तक्रार पुढे गेली असती तरी खटला सरकारचा झाला असता. तू फिर्यादी, म्हणजे साक्षीदार नंबर एक. बोलावतील तेव्हा जायचं, विचारतील तेवढं सांगायचं. त्याला दंड झाला तर तो सरकारजमा. त्यातून तुला काही द्यायचं की नाही, ते न्यायाधीशांनी ठरवायचं. दिवाणीत तू वादी. दावा तुझा, तडजोड करायची तर तूच करणार, मागे घ्यायचा तर तूच घेणार. पुरावाही शंकेला जागाच उरणार नाही इतका लागत नाही. कुणाचं म्हणणं जास्त संभवतं एवढं दाखवलं की झालं. आणि तिथे प्रश्न असतो तो तुझं काय गेलं, हा. चौकीत तो कुणी विचारला नाही, हीच तर तुझी खंत आहे.

तू लिहितेस की तो सगळ्यांना सांगत फिरतोय, 'मी काय मारलं का त्यांना? खिडकीतून चहासुद्धा दिला.' हा चहा वाचून मला हसू आलं, कारण हा बचाव अडीचशे वर्षं जुना आहे. १७६३ साली लंडनमध्ये 'नॉर्थ ब्रिटन' या नियतकालिकाच्या ४५व्या अंकावरून सरकार खवळलं आणि कुणाचंही नाव नसलेलं वॉरंट घेऊन सरकारी माणसांनी छापखान्यातले लोक उचलले. त्यांत हकल नावाचा एक साधा कामगार होता. त्याला सुमारे सहा तास अडकवून ठेवलं, पण वागणूक उत्तम. गोमांसाचे स्टेक आणि बिअर असा पाहुणचार. त्याची मजुरी आठवड्याला एक गिनी. त्याने दावा लावला आणि ज्यूरीने त्याला तीनशे पौंड दिले, म्हणजे साडेपाच वर्षांची मजुरी. सरकारपक्ष ओरडला की हे अतीच झालं. मुख्य न्यायाधीश प्रॅट यांनी मान्य केलं की नुसता त्याचा वैयक्तिक त्रास मोजला तर वीस पौंड पुरले असते. पण असल्या वॉरंटवर माणसं उचलणं ही साधी गोष्ट नव्हे, म्हणून ज्यूरीच्या आकड्याला त्यांनी हात लावला नाही. खायलाप्यायला काय दिलं, याने दाराची कडी निघत नाही.

तीनशे पौंडांची स्वप्नं मात्र पाहू नकोस. जरब बसावी म्हणून जास्तीची भरपाई देण्याची ही वाट इंग्लंडमध्येच १९६४ साली अरुंद करून टाकली. ती मुख्यतः सरकारी माणसाच्या जुलमासाठी आणि नफ्याच्या हिशेबाने केलेल्या आगळिकीसाठी राहिली. सोसायटीचा सेक्रेटरी कितीही माजला तरी सरकार नव्हे. आपली कोर्टंही आकड्याच्या बाबतीत हात आखडताच घेतात.

त्या ऑफिसला मागे दुसरं दार नाही ना, याची खात्री करून कळव. गंमत नाही ही. १८४५ साली लंडनच्या हॅमरस्मिथ पुलावर होड्यांची शर्यत पाहणाऱ्यांसाठी फुटपाथचा एक तुकडा कठडे घालून अडवला होता. एक गृहस्थ कठडा चढून आत गेले. त्यांना पुढे जाऊ देईनात, पण आल्या वाटेने परत जायला मोकळीक होती. कोर्ट म्हणालं, हे कोंडणं नव्हे. अडवणं वेगळं आणि चहूबाजूंनी बंद करणं वेगळं. मागच्या दारातून तू सहज निघू शकली असतीस, असं निघालं तर हा अर्धा दावा ढासळेल.

उद्या त्याचा वकील 'गंमत केली होती' असंही म्हणेल. म्हणू दे. लंडनच्या लाइमहाउस भागातल्या एका गुत्त्याच्या मालकाची बायको होती, मिसेस विल्किन्सन. नवरा घोड्यांच्या शर्यतीला गेलेला. नेहमीचं गिऱ्हाईक असलेला डाउंटन तिला येऊन म्हणाला, परतताना अपघात झालाय, त्याचे दोन्ही पाय मोडलेत, लेटनस्टोनला पडलाय, दोन उशा घेऊन गाडीने लगेच निघा. सगळं खोटं. थट्टा. तो ती करून मोकळा झाला आणि बाई उलट्या करत अंथरुणाला खिळली, आठवडेच्या आठवडे. अंगाला कुणी बोट लावलेलं नव्हतं. त्यातून या निकालाच्या नऊच वर्षं आधी, १८८८ साली, प्रिव्ही कौन्सिलने एका रेल्वेच्या प्रकरणात नुसत्या धसक्याची भरपाई नाकारलेली. तरी १८९७ साली न्यायमूर्ती राइट म्हणाले की हे कृत्य जाणूनबुजून केलेलं आहे, असं ऐकल्यावर साध्या माणसाची प्रकृती ढासळणार हे उघड आहे, तेव्हा 'इतकं होईल असं वाटलं नव्हतं' हे सांगून सुटका नाही. धसक्याचे शंभर पौंड, आणि नवऱ्याला आणायला धाडलेल्या माणसांच्या रेल्वेभाड्याचे एक शिलिंग साडेदहा पेन्स. मला त्या निकालातलं हे भाडंच जास्त आवडतं. बाईने तेही मागितलं. तूसुद्धा त्या रात्री रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांकडे गेली होतीस, ती पावती शोधून ठेव.

'पण माझं नुकसान काय झालं, पाऊण तासच तर गेला,' असं तू लिहिलंयस. हे वाक्य मला तुझ्या तोंडी आवडलं नाही. १७०३ सालच्या एका इंग्रजी खटल्यात ॲशबी नावाच्या मतदाराला अधिकाऱ्याने मत देऊ दिलं नव्हतं. त्याचे उमेदवार तरीही निवडून आले, म्हणजे हिशेबाने काही बिघडलं नाही. तरी तो जिंकला, कारण हक्कच डावलला होता. आपल्याकडे १९८५ साली जम्मू-काश्मीरचे आमदार भीमसिंग विधानसभेला निघाले असताना त्यांना वाटेत अटक केली. दंडाधिकाऱ्यापुढे उभं न करताच त्यांची कोठडी वाढवून घेतली. सर्वोच्च न्यायालयाने सरकारला पन्नास हजार द्यायला लावले. त्या अधिवेशनात ते बोलले असते का, कुणाचं काय अडलं असतं, हे कुणी विचारलं नाही.

आता अब्रूचं. इथे मी तुला घाबरवणार आहे. टिळकांना दोन्ही वाटा ठाऊक होत्या. १८८२ साली कोल्हापूरच्या दिवाण बर्व्यांच्या बदनामीवरून ते आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले, ती फौजदारी. पुढे १९१९ मध्ये ते स्वतः वादी म्हणून लंडनच्या कोर्टात उभे राहिले. सर व्हॅलेंटाइन चिरोल यांनी हिंदुस्थानातल्या असंतोषावरच्या पुस्तकात त्यांच्यावर जे आरोप केले होते, त्यांबद्दलचा हा दिवाणी दावा. समोर उलटतपासणीला एडवर्ड कार्सन. दावा चिरोलवर, पण पिंजऱ्यात उभं केलं टिळकांचं सगळं आयुष्य. टिळक हरले आणि खर्चाचा डोंगर अंगावर आला. तुझ्यापुढे कार्सन नसेल, पण वर्गणीच्या वहीतली पानं एकेक करून वाचणारा कुणीतरी असेलच. दिवाणीत 'खरं होतं' एवढं सिद्ध झालं की प्रतिवादी सुटतो. म्हणून ती वही मला आधी पाहू दे. पावती न फाडलेले पाचशे रुपये कुठे निघाले तर ते मला आत्ता कळलेले बरे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ते म्हणणारे बहुधा ज्यांच्यावर दावा लागायला हवा असेच असतात, असं माझं वकिलीतलं निरीक्षण आहे. पण त्यात तथ्यही आहे. मागशील त्या रकमेवर कोर्ट फी. तारखा पडत राहणार. आणि स्पष्टच लिहिते, रागावू नकोस, निकालाआधी वादी गेला तर अब्रुनुकसानीचा दावा त्याच्याबरोबरच जातो, वारसांना तो चालवता येत नाही. हुकूमनामा हातात पडला असेल तर गोष्ट वेगळी. तुझ्याच पुण्यात निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंतांनी असा दावा जिंकला होता. २००८ साली एका घोटाळ्याच्या बातमीत टाइम्स नाउ वाहिनीने नावाच्या साधर्म्यामुळे दुसऱ्या न्यायाधीशांऐवजी त्यांचा फोटो काही सेकंद दाखवला. २०११ मध्ये पुण्याच्या कोर्टाने शंभर कोटींचा हुकूमनामा केला. अपिलात स्थगिती हवी तर वीस कोटी भरा आणि ऐंशी कोटींची बँक हमी द्या, असं उच्च न्यायालय म्हणालं. सर्वोच्च न्यायालयाने त्यात ढवळाढवळ केली नाही. तिथे चूक तरी होती. तुझ्या सेक्रेटरीने टाइप करून, वाचून, मग पाठवलंय.

माझं मत विचारशील तर दावा लाव, पण छोटा. भरपाईची बेताची रक्कम आणि असं पुन्हा लिहू नये म्हणून मनाई हुकूम. आधी वकिलाची नोटीस. नोटिशीला ग्रुपवरच जाहीर माफी आली, तर तिथेच थांबायचं की नाही ते तुझं तू ठरव. मला विचारशील तर मी थांबेन. मुदत दोन्हींना एकच वर्ष. कोंडल्याचं ज्या दिवशी कडी निघाली तिथून आणि बदनामीचं मेसेज पडला तिथून. ती इंग्रजी तारखेने मोजतात, तेव्हा 'श्रावणात झालं' असं सांगू नकोस, तारीख काढ. फोन बदलू नकोस आणि ग्रुप सोडू नकोस. स्क्रीनशॉट पुरेसे नाहीत, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. खालच्या दुकानदाराने कडी काढली म्हणतेस, त्याला विचार, साक्षीला येशील का. आत्ताच विचार, वर्षभराने त्यालाही सोसायटीचाच गाळा भाड्याने हवा असेल.

रक्कम किती मागायची ते मी लिहिणार नाही. तो पाऊण तास तुझा होता. आकडा कळव, म्हणजे मी नोटिशीचा मसुदा करायला घेते.

बाकी भेटीअंती.

तुझी,
भाची