अकरावे प्रकरण

विनोदी कादंबरी लिहिण्याचा बेत मी घरात जाहीर केला, तेव्हा कोणीही हसले नाही. हा शकुन काही चांगला नव्हता. विषय मात्र माझ्यापाशी तयार होता. दोन शेजारी घरे, त्यांच्यात हाडवैर, एका घरात मुलगा, दुसऱ्या घरात मुलगी आणि शेवटी थाटामाटाचे लग्न. कथानक जुने आहे हे मलाही ठाऊक होते. पण लग्नसुद्धा जुनीच गोष्ट आहे, म्हणून लोक ते करावयाचे थांबलेले नाहीत.

हा विषय मला जयपूरने दिला. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही येथे आलो आणि निवृत्तीनंतर येथेच रमलो. आमचे बिऱ्हाड तटाच्या आतील जुन्या शहरात, पुरानी बस्तीत आहे. सवाई जयसिंगांनी १७२७ साली हे शहर वसविले, त्याची आखणी विद्याधर भट्टाचार्य यांनी केली. रस्ते रुंद, सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे. परंतु आतल्या गल्लीत शिरावे तर घरे खांद्याला खांदा लावून उभी! आमच्या आणि शेजारच्या गच्चीमध्ये छातीएवढी भिंत, तेवढेच काय ते अंतर. १४ जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी, अवघे जयपूर गच्च्यांवर असते. आकाश पतंगांनी भरून जाते आणि 'वो काटा'च्या आरोळ्या दिवसभर उठत राहतात. ज्याचा पतंग आपण कापला त्याचा पडलेला चेहरा कधी कधी अवघ्या चार हातांवरून पाहावयास मिळतो. वैराचा आरंभ करण्यास याहून सोयीची जागा कोणती? पहिल्याच प्रकरणात माझ्या नायिकेने नायकाचा पतंग कापला.

पुढची नऊ प्रकरणे भराभर झाली, याचे कारण सांगावयास थोडी लाज वाटते. शेजारीणबाई त्या भिंतीलगत मुगाच्या डाळीचे सांडगे वाळत घालीत. इकडे त्यांना मंगोडी म्हणतात. माझ्या तुळशीच्या आणि मोगऱ्याच्या कुंड्यांचे पाणी एके दिवशी भिंतीखालून झिरपून त्या मंगोड्यांत गेले. त्या जे बोलल्या ते मी ऐकले. मी जे बोलले ते गल्लीने ऐकले. त्यानंतर दोन वर्षे आम्ही एकमेकींशी अक्षर बोललो नव्हतो. कादंबरीत मी त्यांची वाक्ये नायिकेच्या आईच्या तोंडी जशीच्या तशी घातली. फुकटचे संवाद असे मिळत असता कोणता लेखक ते सोडील?

परंतु अकराव्या प्रकरणी दोघांचे प्रेम जमावयाचे होते, आणि ते काही केल्या जमेना. भांडण का होते हे मला पक्के माहीत होते. प्रेम का व्हावे हे सुचत नव्हते.

मग मी थोरामोठ्यांकडे धाव घेतली. चेकॉव्हने १८८८ साली लिहिलेल्या 'मागणी' या एकांकिकेत एक जमीनदार शेजारच्या मुलीला मागणी घालावयास येतो, आणि मागणी राहते बाजूला. दोघे एका कुरणाच्या मालकीवरून जुंपतात. तो मागणी घालण्यासाठी आला होता हे समजताच ती त्याला परत बोलावण्यासाठी आकांत करते. तो परततो, तर आता कोणाचा कुत्रा अधिक चांगला यावरून पुन्हा तोच प्रकार. लग्न ठरते, तरी भांडण चालूच. मी पोट धरून हसले. पण त्यांचे एकमेकांवर प्रेम कधी बसले, हे चेकॉव्ह सांगत नाही. लबाडच तो!

फ्रेंच नाटककार रोस्ताँ याने आपल्या १८९४ च्या सुखात्मिकेत निराळीच युक्ती काढली. दोन शेजारी बाप जिवलग मित्र, पण मुलांनी एकमेकांकडे ओढले जावे म्हणून ते वैराचे सोंग आणतात, कारण मनाई केलेले फळ गोड लागते. पुढे मधली भिंत पाडली जाते आणि दोघे बाप खरोखरच भांडू लागतात! याच नाटकावरून बेतलेले एक संगीत नाटक न्यूयॉर्कमध्ये १९६० पासून २००२ पर्यंत अखंड चालले. त्याचे १७,१६२ प्रयोग झाले. आपल्याकडचा 'पडोसन' (१९६८) पुन्हा पाहिला. तोही मुळात 'पाशेर बाडी' या बंगाली कथेवरचा. तेथे नायक खिडकीत नुसते ओठ हलवितो आणि गातो त्याचा मित्र. करमणूक झाली, प्रकरण मात्र होते तेथेच राहिले.

त्या वर्षी डिसेंबरात एका पहाटे यजमानांच्या छातीत दुखू लागले. मुले परगावी, मी एकटी. हातपाय असे गळाले की कोणास हाक मारावी हेही सुचेना. इतक्यात गच्चीवरून हाक आली, "बहनजी! अहो बहनजी!"

मी वर धावले. भिंतीवर दोन्ही हात टेकून शेजारीणबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सव्वापाच झाले, तुमच्या स्वयंपाकघरात दिवा नाही. भाईसाहेबांचा खोकलाही ऐकू आला नाही. काय झाले?"

पुढचे सारे त्यांच्या मुलांनी केले. गल्लीत मोटार शिरेना, म्हणून यजमानांना खुर्चीवर बसवून हमरस्त्यापर्यंत नेले. दहा दिवस ते रुग्णालयात होते. रोज सकाळी शेजारीणबाईंकडून चहाचा थर्मास येई. पहिल्याच दिवशी यजमान एक घोट घेऊन माझ्याकडे पाहू लागले. चहात साखर नव्हती. ती बंद केल्याचे मी बाहेर कोणासही सांगितले नव्हते. परंतु त्यावरून आमच्या घरात महिनाभर जे रणकंदन झाले होते ते भिंतीपलीकडे कोणीतरी शब्दन् शब्द ऐकले होते. दोन वर्षे ज्या बाईचे तोंड मी पाहिले नाही, तिला माझ्या घराचे घड्याळ माझ्या मुलांपेक्षा अधिक ठाऊक होते!

अकरावे प्रकरण त्यानंतर आठवड्याभरात लिहून झाले. संक्रांत उजाडते, गच्च्या माणसांनी फुलतात, नायिका मांजा परजून शत्रूची वाट पाहते. आणि तो गच्चीवर येत नाही. नऊ वाजतात, दहा वाजतात. तिच्या हातातला पतंग तसाच राहतो. तिला ठाऊक असते की, तो आठाच्या आत वर येतो, आधी पूर्वेकडे तोंड करून वारा पाहतो, कन्नी दोनदा बांधतो. इतके सारे आपल्याला का ठाऊक असावे, याचे तिला पहिल्यांदाच नवल वाटते.

गेल्या महिन्यात गच्चीवरच्या उन्हात बसून मी हस्तलिखित शेजारीणबाईंना हिंदीत सांगत वाचून दाखविले. तिसऱ्या प्रकरणात मंगोड्यांचे भांडण आले. नायिकेच्या आईचे पहिलेच वाक्य ऐकून त्यांचा डाळ निवडणारा हात थांबला. मी घाबरून वही मिटली. त्या बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिल्या.

"हे मी म्हटले होते," त्या म्हणाल्या. "पण याच्या पुढचे याहून वाईट होते. ते तुम्ही गाळले आहे. घ्या लिहून."