बोनेटखालचं घर



दिवाळी झाली, निर्वाण लाडू चढवून झाला आणि आमच्या घरी दरवर्षीसारखी मुक्तागिरीची तयारी सुरू झाली. कार्तिकी पौर्णिमेला जायचं, हा सासूबाईंच्या वेळचा नेम. तेव्हा एसटीने परतवाडा आणि पुढे मिळेल ते वाहन. आता आमची पांढरी वॅगनआर आहे. ती चालवते मी. पन्नाशीनंतर शिकले, तेव्हा गल्लीतल्या बायका हसल्या होत्या. यांचं मागच्या साली बायपास झालं, तेव्हापासून हसत नाहीत.

चातुर्मासात आम्ही दोघं अकोटच्या बाहेर न जाण्याचा नियम घेतो. मंदिर, बाजार, दवाखाना सगळं गावातच आहे, त्यामुळे गाडीची गरज पडत नाही. चार महिने ती सरकी-ढेपेच्या गोदामाला लागून टिनाच्या शेडमध्ये झाकून उभी असते. बॅटरी उतरू नये म्हणून हे दर रविवारी आत बसून दहा-पंधरा मिनिटं सुरू करत. बोनेट मात्र या चार महिन्यांत कोणीच उचललं नाही. यांना वाकायची मनाई, आणि मला ते काम यांचंच वाटत आलेलं.

अष्टमीच्या सकाळी, म्हणजे अष्टाह्निका बसली त्या दिवशी, मी चाकात हवा भरून आणायला म्हणून निघाले. पोपटखेड रस्त्याने थोडी पुढे गेले आणि वास आला. आपण वऱ्हाडातल्या बायका, जळक्या कापसाचा वास आपल्याला सांगावा लागत नाही. दाबलेला कापूस आतल्या आत धुमसतो. जिनात गंजीला आग लागली की वरून विझलेली दिसते आणि तासाभराने पुन्हा धूर निघतो, हे लहानपणापासून पाहिलेलं. मी गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि किल्ली काढून उतरले. धूर दिसत नव्हता, वासही हळूहळू कमी झाला. पाव तास लांब उभी राहिले आणि मग गॅरेजच्या पोराला फोन केला. तो म्हणाला, "काकू, बोनेट एकदम उघडू नका बरं. आत धुमसत असंल त हवा लागून भडकते. मी येतो जी, तोवर गाडी सुरू करू नका."

तो आला. बोनेटला हात लावून पाहिलं, खटका सोडून आधी बोटभर फटीतून डोकावला आणि मग उघडलं. गरम नळीच्या वर जो पत्रा असतो, त्याच्यावर मुठीएवढा रुईचा गोळा होता. त्यात सरकी, ढेपेच्या चुंगडीचे धागे आणि निंबाचा वाळला पाला. खालची कड तपकिरी होऊन कडक झालेली. त्याने पान्ह्याने तो उचलून रस्त्यावर टाकला, माझ्या बाटलीतलं पाणी ओतलं आणि म्हणाला, "याच्यात त उंदरानं घर करून ठेवलं जी."

ते घर रिकामं होतं. दुसरं बॅटरीच्या मागे, कोपऱ्यात, थंड जागेत होतं, आणि त्यात पाच पिल्लं होती. गुलाबी, डोळे मिटलेली, सरकीच्या दोन दाण्यांएवढी. आई घाबरून कुठे गेली होती कोण जाणे. त्या पोराने माझ्याकडे पाहिलं. आम्ही कोण हे त्याला माहीत आहे, म्हणून त्याने विचारलं नाही, नुसता थांबला.

आई गाडीतच कुठे दडली असेल तर तिच्यासकट सगळी घरी गेलेली बरी, असं मी ठरवलं. त्याने तारा पाहिल्या. एकीचं आवरण कुरतडलेलं होतं, आतलं तांबं दिसत होतं. ती त्याने तात्पुरती नीट गुंडाळली आणि माझ्यामागे मोटरसायकल घेऊन सावकाश घरापर्यंत आला. शेडमध्ये गाडी निवल्यावर मी हातमोजे घातले, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ते घरटं जसंच्या तसं सरकवलं आणि बुटाच्या खोक्यात ठेवलं. खोक्याला एक बाजू फाडून दार केलं. शेडच्या भिंतीशी, जिथे मांजर येत नाही अशा जागी ठेवून दिलं.

रात्री नऊ वाजता पाहिलं तर तीन होती. पहाटे सामायिकाला उठले तेव्हा एकच होतं. आई चौघांना घेऊन गेली होती. उरलेलं थंड पडलं होतं.

मुक्तागिरीला मेंढागिरी का म्हणतात ती कथा तुम्हाला माहीतच आहे. कड्यावरून मेंढा पडला आणि ध्यानस्थ मुनींनी त्याच्या कानात णमोकार मंत्र सांगितला. मीही त्या खोक्याजवळ बसून णमोकार म्हटला. पण माझ्या मनात शांती नव्हती, कारण ते मुनी कड्यावरून मेंढ्याला ढकलून बसलेले नव्हते.

हे म्हणाले, "आरंभी हिंसा आहे ही. गृहस्थाला ती सुटत नाही." पाठशाळेत शिकवलेले चार प्रकार यांना तोंडपाठ आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. मी बी.कॉम. झालेली बाई, रक्कम योग्य खात्यात गेल्याशिवाय मला चैन पडत नाही. घर चालवताना टाळता येत नाही ती आरंभी. पण हे तर टाळता आलं असतं. महिन्यातून एकदा बोनेट उघडलं असतं तर उंदरीने तिथे घर केलंच नसतं. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेची व्याख्या केली आहे, तिच्यात पहिलाच शब्द प्रमादाचा आहे. ही रक्कम त्या खात्याची. मुनींना वस्तू उचलताना-ठेवताना पाहून, झाडून घ्यायची आदाननिक्षेपण समिती असते. आपण तांदूळ निवडताना ती थोडीफार पाळतो, पाणी गाळताना पाळतो. गाडीची किल्ली फिरवताना मात्र ती माझ्या मनातही आली नव्हती. आणि गंमत पाहा, प्रवासात जीव मरू नयेत म्हणून गाडी उभी ठेवली, आणि उभ्या गाडीतच हे झालं.

असो. आता साफसफाईचं सांगते, कारण ती मी केली आणि कोणीही करू शकते.

आधी एक जुनी गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका धुण्याच्या जागी आम्ही इंजिनावर जोराचं पाणी मारून घेतलं होतं. चकाचक झालं आणि घराच्या फाटकाशी येऊन गाडी बंद पडली. पाणी प्लगच्या खोबणीत आणि तारांच्या जोडात शिरलं होतं. तेव्हापासून बोनेटखाली पाइपचं पाणी नाही म्हणजे नाही. आपल्याला ते तसंही परवडत नाही. वान धरणाचं पाणी इथवर येतं तेव्हा नळाला धार लागते, आणि अपकायिक जीवांचा विचार वेगळाच.

मी पूर्ण साफसफाई केली ती एका तांब्याभर पाण्यात. ते गाळून घेतलं, तर हे खुर्चीवरून म्हणाले, "इंजिन पिणार आहे का?" यांची खुर्ची शेडच्या तोंडाशी होती. वाकता येत नाही, पण सूचना देता येतात.

गाडी रात्रभर थंड झालेली असावी. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर उडतं. किल्ली काढून घरात ठेवायची, गाडीत नाही. काही गाड्यांचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू लागतो. पदर, ओढणी, बांगड्या, मंगळसूत्र सगळं आवरून किंवा काढून. मी यांचा जुना शर्ट घातला होता.

मग बॅटरी. आधी वजाची तार सोडायची, ती बहुधा काळी असते. अधिकची नंतर. लावताना उलटं, आधी अधिक आणि शेवटी वजा. कारण सोपं आहे. गाडीचा सगळा पत्रा वजाला जोडलेला असतो. वजा लावलेली असताना अधिकवर पान्हा ठेवला आणि तो चुकून पत्र्याला टेकला की ठिणगी उडते. हे शिकवताना यांनी तीनदा विचारलं, मी तीनदा बरोबर सांगितलं. जमाखर्च लिहिणाऱ्या बाईला वजा-अधिक शिकवू नये. नव्या गाड्यांत तार सोडल्यावर रेडिओ किंवा काचा नीट चालत नाहीत म्हणतात, तेव्हा तुमच्या गॅरेजवाल्याला आधी विचारून घ्या. आणि बॅटरीवर चालणाऱ्या किंवा हायब्रीड गाडीत नारिंगी जाड तारा दिसल्या तर बोनेट खाली करून सरळ जाणकाराकडे जा. तिथे घरचा हात चालत नाही. सीएनजीच्या नळ्यांनाही नाही.

उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, धूळ नाकात जाते. लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. तोंडाला फडकं, हातात रबरी मोजे, लेंड्यांवर साबणाचं पाणी शिंपडून दहा मिनिटं थांबायचं आणि जुन्या वर्तमानपत्राने उचलायचं. हे झाल्यावर एकदा नीट, टॉर्च लावून, सगळे कोपरे पाहायचे. मला एक पाल आणि मुंग्यांची रांग दिसली. पाल काडी हलवल्यावर गेली. मुंग्या सरकीच्या दाण्यांसाठी आल्या होत्या. दाणे उचलून अंगणात ठेवले, अर्ध्या तासात रांग तिकडे वळली. तेवढ्यात आम्ही चहा घेतला.

काचेच्या खाली जी जाळी असते तिथे निंबाचा पाला कुजून बसला होता. दोन्ही टोकांना पाणी जायची भोकं असतात, ती बुजली की पावसाचं पाणी आत उतरतं. हाताने पाला काढला, ब्रशने भोकं मोकळी केली. बाकी धूळ रंगकामाच्या मऊ ब्रशने. हवा आत घ्यायच्या तोंडावर, फ्यूजच्या डब्यावर आणि वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या, तरी तिथे ओलं फडकं नेलंच नाही. तेलकट भागाला भांड्यांचा साबण पाण्यात कालवून, त्यात फडकं घट्ट पिळून पुसलं. पिळल्यावर एक थेंबही पडता कामा नये इतकं.

आपल्याकडे इंजिन घासलेटने नाहीतर पेट्रोलने पुसायची जुनी सवय आहे. ती सोडा. वाफ पेट घेते, रबरी नळ्या फुगतात. बॅटरीच्या टोकांवर पांढरं-हिरवं फुलतं, ते आम्लाचं असतं. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने लावला की फसफसून निघतं. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि तो सोडा बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ द्यायचा नाही. पुसून कोरडं झाल्यावर, तारा घट्ट बसवून वरून व्हॅसलीनचं बोट. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून तिथे उदबत्तीसुद्धा नको. मी हे मुद्दाम लिहिते, कारण दसऱ्याला बोनेट उघडून आरती ओवाळणारे मी पाहिले आहेत.

एक थेंबभर हिरवं पाणी खाली सांडलेलं दिसलं, ते कूलंट. चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्रं-मांजर चाटून मरतं. लगेच माती टाकून उचललं. तेलकट कागद-फडकी नालीत नाही टाकली, बांधून कचरागाडीत दिली. फडकी मोजूनच आत नेली होती, सहा. बाहेर आली पाच. सहावं शोधायला पंधरा मिनिटं गेली, ते बॅटरीच्या खाली सरकलं होतं. ते तिथेच राहिलं असतं तर पुन्हा तोच वास.

संध्याकाळी त्या पोराने कुरतडलेली तार बदलून दिली. पिशव्या काढल्या, मोजल्या, बोनेट उघडंच ठेवून गाडी दहा मिनिटं चालवून ठेवली. वास नाही, आवाज नाही. त्याने विषाची वडी ठेवायला सुचवलं, मग स्वतःच जीभ चावली. आम्ही ढेपेची चुंगडी भिंतीपासून दूर फळीवर नेली, शेडमध्ये सांडलेली सरकी रोज झाडते, आणि गाडी उभी केली की बोनेट उघडं ठेवते. उंदराला अंधार हवा असतो. रस्त्यावर उभ्या गाडीला अर्थात हे जमत नाही.

मुलाला पुण्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, जपानात थंडीत मांजरं ऊब घ्यायला इंजिनात शिरतात, म्हणून निस्सान कंपनीने सुरू करण्याआधी बोनेटवर थापा मारायची मोहीमच चालवली होती. नेको म्हणजे मांजर, बान बान म्हणजे थापेचा आवाज. यांना ते फार आवडलं.

पौर्णिमेला पहाटे पाचला निघालो. मी बोनेट उघडून टॉर्चने पाहिलं, बंद केलं. हे काठी टेकत पुढे आले आणि दोन थापा मारून म्हणाले, "नेको बान बान." नंतर थोडा वेळ थांबले, कोणाच्या तरी दारात उत्तराची वाट पाहतो तसे. मग गाडीत बसले.

घरखर्चाच्या वहीत मी आता एक नवा रकाना आखला आहे. दूध, गॅस, वीज, बोनेट. त्यात दर पंधरवड्याची तारीख असते. काल कोऱ्या रकान्यासमोर यांच्या अक्षरात लिहिलेलं दिसलं: पाहिलं, एक पाल, सोडली. खाली कंसात, न वाकता.