कवडशाचा अपराध

विद्यार्थिमित्रहो, शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या चुका दाखवाव्या ही जगाची रीत आहे. परंतु आज आम्ही आमचीच एक चूक तुमच्यापुढे व तुमच्या पालकांपुढे मांडणार आहोत. तीत पदार्थविज्ञानाचा एक पाठ आहे, आणि त्याहून मोठा असा दुसराही एक पाठ आहे.

विंचुरास आमचे बैठे घर आहे. समोर, रस्त्याच्या पश्चिमेस, काही काळापूर्वी एक दुमजली इमारत उभी राहिली व तिच्या वरच्या मजल्यास दुहेरी काचेच्या मोठ्या खिडक्या बसविल्या गेल्या. आमची जुनी मोटार आमच्या दारापुढेच उभी असते. एका जानेवारीत तिच्या बाजूच्या आरशाचे काळे प्लास्टिकचे आवरण मेणासारखे वितळून खाली ओघळलेले आम्हांस आढळले. सकाळी मोटार आमच्याच घराच्या सावलीत असते. सबब उन्हाचा संशय मनास शिवलाही नाही. संशय गेला तो आमच्या आळीतील नववीच्या एका मुलाकडे. भिंगाने सूर्यकिरण एकवटून लाकडावर अक्षरे जाळण्याचा त्यास छंद होता. आणि तो छंद आम्हीच वर्गात लावला होता!

आम्ही त्यास भर वर्गात उभे केले व बोल लावले. "सर, मी नाही," एवढेच तो म्हणाला व खाली मान घालून उभा राहिला. ते मौन आम्ही कबुली समजलो. सायंकाळी त्याचे वडील, कांद्याचे शेतकरी, आमच्या दारी आले. "गुरुजी, पोरानं केलं असंल तर भरून देतो, पण तो नाही म्हणतोय," असे म्हणून त्यांनी खिशातील नोटा पुढे केल्या. नोटा आम्ही घेतल्या नाहीत. परंतु संशयही सोडला नाही.

चार दिवसांनी तो मुलगाच आला. "सर, उद्या सव्वानऊ वाजता मोटारीपाशी उभं राहून बघा." आम्ही उभे राहिलो. समोरच्या खिडकीतून एक झगझगीत कवडसा आमच्या भिंतीवरून सरकत नेमका त्या आरशावर आला. आम्ही त्यात हात धरला, तो चटका बसून क्षणात मागे घ्यावा लागला. अपराधी सापडला!

याचे कारण असे. उष्णता अडविणाऱ्या काचेवर धातूचा अतिशय पातळ, डोळ्यांस न दिसणारा थर असतो. तो उष्णतेचे किरण परतवितो. दोन काचांमधील वायू कडेने कायमचा बंद केलेला असतो. निफाड तालुक्यातील कडाक्याच्या थंडीत तो वायू आकुंचन पावतो, बाहेरील हवेचा दाब काचेस किंचित आत ढकलतो, आणि पाहणाऱ्यास सपाट भासणारी काच अंतर्गोल आरसा होऊन बसते. मग नाभीपाशी जे सापडेल ते तापते. काळे प्लास्टिक तर विशेषच.

मोठ्यांच्याही हातून असे घडले आहे. लंडन येथील 20, फेनचर्च स्ट्रीट ही 'वॉकी-टॉकी' नावाने ओळखली जाणारी उंच इमारत बांधली जात असता, 2013 साली, तिच्या काचांवरून परतलेल्या उन्हाने रस्त्यावरील एका जॅग्वार मोटारीचे भाग वितळले. तेथे एकेक काच नव्हे, तर सबंध दर्शनी भिंतच अंतर्गोल होती. तिचे शिल्पकार राफाएल विन्योली यांच्याच लास व्हेगास येथील व्हदारा हॉटेलाबाबत 2010 साली अशीच तक्रार झाली होती. लंडनच्या इमारतीवर पुढे बाहेरून ऊन अडविणाऱ्या पट्ट्या बसवाव्या लागल्या.

आमच्या शेजाऱ्यांनी द्राक्षबागांच्या या मुलुखास साजेसा उपाय केला: खिडकीबाहेर हिरवे शेडनेट ताणले. आतील पडद्याने हे काम होत नाही, कारण ऊन पडद्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच काच त्यास परतविते. मात्र असा कवडसा शोधताना त्याकडे डोळे लावून कोणी पाहू नये. डोळ्यांस इजा होते.

दुसऱ्या दिवशी, ज्या वर्गात आम्ही त्या मुलास बोललो होतो त्याच वर्गात त्याची क्षमा मागितली. त्याच्या वडिलांकडे मळ्यावर जाऊनही मागितली. मुलगा हसला, परंतु त्या चार दिवसांत तो एकदाही मधल्या सुट्टीत खेळावयास गेला नव्हता, हे आम्हांस मागाहून कळले. ते दिवस त्यास परत देणे आमच्या हाती नव्हते.

पालकहो, आपणही घरी लेकरांस बोल लावण्यापूर्वी एक सकाळ थांबावे, एवढीच विनंती. मोटारीचे ते वाकडे आवरण आम्ही अद्याप बदललेले नाही. वर्गात कोणावर रागावण्याची वेळ आली, म्हणजे ते आम्हांस आठवते.