पवनीचा डावा कोपरा

पवनी म्हटलं की नागपूरकरसुद्धा आधी वाघाचीच गोष्ट काढतात. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य, पहाटेची जिप्सी, २०१६ मध्ये बेपत्ता झालेला तो देखणा 'जय'... सफारी उरकली की गाडी वळवायची आणि थेट नागपूर गाठायचं. गावात शिरतो कोण? पण मंडळी, एक वीकएण्ड हातात असेल तर गावात शिराच. आणि जमलं तर दिवाळीनंतर जा, मंडईच्या दिवसांत.

नागपूरहून उमरेड, भिवापूर करत ऐंशीएक किलोमीटर. भिवापूरला थांबून लाल मिरची पिशवीत टाकायला विसरू नका, घरी भाव वधारतो. पुढे पवनीत आधी दिसतो तो तट. एका अंगाला वैनगंगा, बाकी अंगांनी मातीचा उंच बांध, त्यावर दगडी भिंत, बाहेर खंदक. आज बांधावर झुडपं आहेत, खंदकात म्हशी आहेत, पण गावाची आखणी अजून कळते. पवन राजावरून गावाला नाव पडलं असं सांगतात. घाट आणि देवळं इतकी की 'विदर्भाची काशी' हे बिरुदही आहेच.

खरा जुना मामला मात्र जगन्नाथ टेकडीवर. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्यानं इथे खोदलं, तेव्हा बौद्ध स्तूप निघाला, ब्राह्मीत लेख कोरलेले कठड्याचे दगड निघाले. म्हणजे हे गाव दोन हजार वर्षांहून जुनं. आपल्या पुण्या-मुंबईला हे ऐकवायला जाम मजा येते.

आम्हाला हे सगळं दाखवत होता तो आमच्या ऑफिसातला दोस्त. मूळ पवनीचा. ऑफिसात त्याचं नाव 'कॉर्नर', कारण मीटिंग असो वा कँटीन, पठ्ठ्या डाव्या कोपऱ्यातलीच खुर्ची धरणार. आम्हाला वाटायचं, एसीमुळे. खरं कारण पवनीत कळलं. बांधाच्या पायथ्याशी मैदान, मैदानात आखलेलं कबड्डीचं अंगण, आणि एक म्हातारे काकाजी त्याला बघताच ओरडले, "काहून जी, कोपरा रिकामा टाकून कुठं गेलता?"

मंडई म्हणजे झाडीपट्टीचा सीझन. भाताची कापणी, दंडार, रात्रभर चालणारी नाटकं आणि गावोगावच्या कबड्डीच्या स्पर्धा. हॅलोजनच्या उजेडात, मातीवर, पहाटेपर्यंत! विदर्भाला या खेळाचं वेड नवं नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथे आपले देशी खेळ दाखवले, त्यात कबड्डीही होती.

टीव्हीवर आपण बघतो चढाईपटूला. तोच मांडी थोपटतो, तोच पोस्टरवर. पण सातजणांत डाव्या टोकाला जो उभा असतो, तो कोपरारक्षक, त्याचं गणित वेगळंच. चढाई तीस सेकंदांची. त्यातले बरेचसे सेकंद त्यानं काहीही करायचं नाही. सरकायचं, मागे यायचं, समोरच्याला वाटू द्यायचं की जागा आहे. आणि पाय एकदा आत आला की घोटा धरायचा, सोडायचा नाही. एक सेकंद आधी झेपावलात तर तुम्हीच बाद. "रेडर जाते, येते. कोपऱ्यातल्याले थांबा लागते जी," काकाजी म्हणाले. स्वतः वीस वर्षं तिथेच उभे राहिलेले. डाव्या हाताची दोन बोटं आता सरळ होत नाहीत.

आमचा कॉर्नर याच मैदानावर घडला. जिल्ह्यात नाव झालं, एका कंपनीच्या संघाकडून बोलावणं येणार अशी हवा होती. २०१३ च्या मंडईत एका पकडीत त्याच्या गुडघ्यावर तिघे पडले. लिगामेंट गेलं. पुढच्याच वर्षी, २०१४ च्या जुलैत, प्रो कबड्डी सुरू झाली! कल्याणचा गिरीश इर्नाक, तोही डावा कोपरा, पहिल्या हंगामात पाटणा पायरेट्सकडून उतरला. मग बंगाल, पुणेरी पलटण, गुजरात, यू मुंबा असा फिरत राहिला. २०१८ मध्ये दुबईच्या कबड्डी मास्टर्समध्ये भारतानं अंतिम सामन्यात इराणला हरवलं, त्या संघातही तो होता. कॉर्नर हे सगळं पुण्यात, हॉस्टेलच्या टीव्हीवर बघत होता, गुडघ्याला पट्टा बांधून.

रात्री गच्चीवर जेवण झालं. काकूंनी केलेले वैनगंगेचे झिंगे, तांदळाची भाकरी, भात, वर लाखोरीची डाळ. हॉटेलच्या मेन्यूकार्डाला नाद करू नये असं. आणि तिथे विषय निघाला ब्रँडन चिलरचा.

आता हा कोण? आमचा एक क्लायंट आहे विस्कॉन्सिनचा, ग्रीन बे पॅकर्सचा कट्टर भक्त. सुपर बोलच्या सोमवारी कॉलवर कामाचं बोलतच नाही. अमेरिकन फुटबॉलमधलं ओ का ठो आम्हाला कळत नाही, पण एकदा कॉर्नरनं शांतपणे विचारलं, "ब्रँडन चिलर आठवतो का?" पलीकडचा माणूस उडालाच! चिलरचे वडील भारतीय. मुलगा वाढला कॅलिफोर्नियात, खेळला यूसीएलएकडून, २००४ मध्ये सेंट लुइस रॅम्सनी त्याला चौथ्या फेरीत उचललं. जागा लाइनबॅकरची. म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीमागे उभं राहून, चेंडू घेऊन सुटलेल्याला आडवं करणारा गडी. २००८ पासून पॅकर्समध्ये. फेब्रुवारी २०११ मध्ये पॅकर्सनी पिट्सबर्ग स्टीलर्सना ३१-२५ असं हरवून सुपर बोल जिंकला, तेव्हा चिलर मैदानात नव्हताच. खांद्याच्या दुखापतीनं हंगाम संपला होता. काही महिन्यांत संघानं त्याला मोकळं केलं. वय अठ्ठावीस, सात हंगामांचं करिअर, खलास.

पुढे त्यानं भारतात अमेरिकन फुटबॉलची लीग आणण्यात पैसा घातला. 'पुणे मराठाज' नावाचा संघ होता त्यात, आठवतोय कुणाला? पहिल्या हंगामात तेच जिंकले, पण लीग काही टिकली नाही.

"तो माणूस मला कळतो," कॉर्नर म्हणाला. एवढंच. मला वाटतं, ऑफिसातल्या पाच वर्षांत तो स्वतःबद्दल बोलला असेल तर इतकंच.

गच्चीवर आणखी एकजण बसला होता, त्याचा चुलतभाऊ. वय एकोणीस. पंजे फावड्यासारखे. यंदा गावच्या संघात डावा कोपरा त्याचा. आणि त्याला तो नकोय! "रेडरले पाहतेत सारे, दादा. लिलावात पैसा त्यालेच." चुकीचं नाही म्हणत पोरगा. बडे आकडे बहुतेक वेळा चढाईपटूंच्याच नावापुढे असतात. इराणचा फझल अत्राचली डावा कोपरा असून कोटीच्या वर गेला, पुणेरी पलटणनं २०२२ मध्ये घेतला तेव्हा, पण असे किती? काकूंचा तर साफ नकार. त्यांनी एक गुडघा घरात बघितलाय. "बी. कॉम. पुरं कर, मंग काय कराचं ते कर," हा त्यांचा ठेका.

दुसऱ्या रात्री सामना होता. आम्ही बांधावर, गोधडी पांघरून. खाली अख्खं गाव. शेवटची दोन-अडीच मिनिटं उरली, पवनीचे तीनच गडी अंगणात, पाहुणे दोन गुणांनी पुढे. त्यांचा चढाईपटू आला, तोरा बघण्यासारखा. पोरगा डाव्या टोकाला. काकाजी रेषेबाहेरून एकच शब्द पुटपुटत होते, "थांब... थांब..." तो थांबला. इतका थांबला की माझ्या शेजारचा माणूस शिव्या घालायला लागला. मग पाय आत आला आणि घोटा पकडला गेला. धूळ उडाली, चढाईपटू मधल्या रेषेपासून हातभर लांब आडवा. अव्वल पकड, दोन गुण, बरोबरी!

पुढच्या चढाईत पवनी हरली, ते सोडा. पोट्ट्यांनी तरी त्यालाच खांद्यावर घेतलं.

सकाळी आम्ही वैजेश्वर घाटावर चहा पीत बसलो होतो. नदी संथ, वरच्या अंगाला गोसीखुर्द धरण. कॉर्नर मोबाइलवर नागपूर-पुणे गाडीची तिकिटं बघत होता. परतीचं त्याचं बुकिंग आधीच झालं होतं, म्हणून मी डोकावलो. एप्रिलची तारीख होती, परीक्षा संपल्यानंतरची. प्रवासी एक, वय १९, बर्थ खालचा.

"काकूंना सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगतो ना," तो म्हणाला आणि दुसरा चहा मागवला.