कलम ४१ बद्दल थोडं स्पष्ट बोलायचं आहे

आपत्ती व्यवस्थापन कायद्या,



तू आलास तो मोठ्या घावांनंतर. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामीने तमिळनाडू आणि अंदमानचा किनारा धुऊन नेला. पुढच्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. २३ डिसेंबर २००५ ला तुझ्यावर राष्ट्रपतींची सही झाली. तुझ्याआधीची रीत ठरलेली होती. संकट कोसळलं की महसूल खात्याने पंचनामे करायचे आणि मदत वाटायची. संकट येण्याआधी तयारी करायची असते, त्यासाठी आराखडा लागतो, प्रशिक्षित दल लागतं, हे तू कायद्यात लिहिलंस. एनडीआरएफचे केशरी कपड्यांतले जवान आज गावागावांतल्या पोरांना ओळखीचे झाले, ते तुझ्यामुळे. म्हणून पुढे लिहितो ते तू नको होतास म्हणून नव्हे. तू आणखी खाली, गावापर्यंत पोहोचायला हवा होतास, म्हणून लिहितो.

तुझ्या ७९ कलमांत गावाच्या आणि शहराच्या वाट्याला मुख्यतः एक कलम आलं, ४१ वं. त्याचं शीर्षक ‘स्थानिक प्राधिकरणाची कार्ये’. पहिलीच अट अशी की जे करायचं ते जिल्हा प्राधिकरणाच्या निदेशांना अधीन राहून. मग कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या, साधनं वापरण्याजोगी ठेवा, बांधकामं मानकांप्रमाणे होताहेत ना ते बघा, राज्य आणि जिल्हा आराखड्यानुसार मदतकार्य करा. शेवटी एक मोघम वाक्य येतं, की आवश्यक वाटतील ते इतर उपाय योजता येतील. त्यासाठी पैसा कुठला वापरायचा, कुणाला हुकूम द्यायचा आणि नंतर पाठीशी कोण उभं राहणार, यावर हे कलम काहीच बोलत नाही.

त्याचा अर्थ काय होतो, ते ३ जून २०२० ला आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर दिसलं. दुपारी निसर्ग चक्रीवादळ आलं आणि संध्याकाळपर्यंत श्रीवर्धन-मुरुडच्या वाड्या आडव्या झाल्या. रोठा सुपारीची झाडं मुळासकट रस्त्यावर, त्यांच्यावर नारळ, नारळांवर विजेचे खांब आणि तारा. मोबाइलची रेंज गेली. तहसीलची वाट बंद. त्यात कोरोनाचा काळ. मुंबईहून आलेले चाकरमानी जिल्हा परिषदेच्या शाळेत विलगीकरणात ठेवलेले होते, आणि ज्यांच्या घराचे पत्रे उडाले त्यांना आसरा द्यायला गावात पक्कं छप्पर होतं ते त्याच शाळेचं.

अशा एका गावातलं सांगतो. सरपंच रात्री शाळेसमोर उभे राहिले आणि त्यांनी ठरवलं, की चाकरमानी एका टोकाच्या दोन खोल्यांत जातील, बाकीच्या खोल्या बेघर झालेल्यांना, मधली खोली रिकामी. सकाळी गावातली माणसं कोयते आणि करवती घेऊन रस्त्यावर उतरली. एकाकडे लाकूड कापायचं मशीन होतं, त्यासाठी पेट्रोल उधारीवर आलं. शेजारच्या गावातल्या ठेकेदाराचा जेसीबी आला. दुकानातली होती नव्हती ती ताडपत्री उचलली गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी जीप जाईल एवढी वाट झाली आणि आजारी माणसं बाहेर काढता आली. वरून कुणाचा आदेश आला नव्हता, कारण आदेश यायला वाटच नव्हती.

पुढे मासिक सभेत जेसीबीचं बिल आलं. दरपत्रकं नाहीत, पूर्वमंजुरी नाही, ताडपत्रीची पावती साध्या कागदावर. ग्रामसेवक हाडाचा प्रामाणिक माणूस, पण तो फाइलवर सही करायला तयार होईना. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर वसुली त्याच्या आणि सरपंचांच्या नावे निघणार, हे त्याला माहीत होतं. माझ्या मते त्याची भीती रास्त होती. ठेकेदाराने बराच काळ तगादा लावला नाही, हा त्याचा मोठेपणा. गावाची व्यवस्था कुणाच्या मोठेपणावर चालावी, हे मात्र मला पटत नाही.

तुझ्याकडे यावर उत्तर नाही असं नाही. ते तू वरच्यांसाठी लिहून ठेवलं आहेस. कलम २६ म्हणतं, की आणीबाणीच्या वेळी जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष, म्हणजे जिल्हाधिकारी, प्राधिकरणाचे सगळे अधिकार एकटा वापरू शकतो. मागाहून प्राधिकरणाची कार्योत्तर मंजुरी घ्यायची. राज्याच्या पातळीवर मुख्यमंत्र्यांना आणि देशाच्या पातळीवर पंतप्रधानांना तशीच मुभा आहे. कलम ५० मध्ये तातडीच्या खरेदीला निविदेची अट माफ आहे, पण राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा प्राधिकरणाने तशी परवानगी दिली तरच. कलम ६५ खाली वाहन, इमारत, साधनं ताब्यात घेता येतात. तो अधिकारही जिल्ह्याच्या खाली आपोआप उतरत नाही, कुणाला तरी प्राधिकृत करावं लागतं. कलम ४८ मध्ये राज्याचा निधी आहे, जिल्ह्याचा निधी आहे. गावाचा नाही. आधी कर, मग हिशेब दे, हा विश्वास तू तीन पायऱ्यांवर दाखवलास आणि चौथीवर हात आखडता घेतलास. पाणी तर सगळ्यात आधी चौथ्याच पायरीवर चढतं.

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला, तेव्हा ही गोष्ट जगाला कळली ती एका एसटी चालकामुळे. बस घेऊन तो तिथे पोहोचला आणि गाव जागेवर नव्हतं. दीडशेच्या वर माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड आली. वाडीला गाडीरस्ता नव्हता, यंत्रं वर चढवता येईनात, जवानांनी चढण पायी पार करून हाताने माती उपसली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच विधानसभेत सांगितलं. यादी वर तयार झाली होती. डोंगराला भेग पडली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, झाड कलायला लागलं, हे आधी दिसतं ते तिथे राहणाऱ्याला. त्याने ते कुणाला सांगायचं, सांगितलं तर किती दिवसांत कुणी येऊन बघायचं, आणि बघेपर्यंत वाडी खाली हलवायचा निर्णय कुणी घ्यायचा, हे तुझ्यात गावाच्या हाती कुठेच दिलेलं नाही.

तू निवडून आलेल्या माणसाला अगदीच विसरलास असंही नाही. कलम २५ मध्ये जिल्हाधिकारी अध्यक्ष, आणि जिल्हा परिषद असेल तिथे तिचे अध्यक्ष सहअध्यक्ष. सहअध्यक्षाने नेमकं काय करायचं ते लिहिलं नाहीस, तरी खुर्ची ठेवलीस. महाराष्ट्रात त्या खुर्चीचं काय झालं ते ऐक. मार्च २०२२ मध्ये रायगडसह बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुका लांबत गेल्या. जिल्हा परिषदा प्रशासकाच्या हाती गेल्या, तीन वर्षांहून अधिक काळ. इर्शाळवाडीच्या त्या रात्री रायगडच्या लोकांनी निवडून दिलेला सहअध्यक्ष नव्हता. जिल्हा प्रशासनाने त्या दिवसांत जीव तोडून काम केलं, त्याबद्दल मला तक्रार नाही. पण त्या वाडीतल्या माणसाला ज्याची कॉलर धरता येईल असा कुणी त्या टेबलाशी असायला हवा होता.

ग्रामपंचायतींचं तर त्याआधीच झालं होतं, तेही ऐन महासाथीत. २०२० मध्ये मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींच्या निवडणुका पुढे ढकलल्या. अध्यादेश काढून नैसर्गिक आपत्ती किंवा महासाथीच्या कारणाने प्रशासक नेमायची तरतूद ग्रामपंचायत कायद्यात घातली गेली. तो प्रशासक खासगी व्यक्तीही असू शकेल अशी चिन्हं दिसल्यावर प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तूर्त सरकारी अधिकारीच नेमा, असं न्यायालयाला सांगावं लागलं. १४ हजारांहून अधिक गावांत मतदान झालं ते १५ जानेवारी २०२१ ला. म्हणजे ज्या महिन्यांत गावाला स्वतःच्या माणसाची सगळ्यात जास्त गरज होती, नेमक्या त्याच महिन्यांत अनेक गावांत तो नव्हता. मला यातलं सगळ्यात जास्त हेच लागतं. आपत्ती हे निवडणूक लांबवायचं कारण होऊ शकतं, हे मी मान्य करतो. मग तोवर आधीच्याच सरपंचाला काळजीवाहू म्हणून ठेवायला काय हरकत होती?

शहरांकडे वळ. महापालिका अधिनियमातलं ६७ (३) (क) पालिकेतल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं. अचानक संकट आलं तर आयुक्तांनी तातडीने हवं ते करावं आणि कारणं व खर्च स्थायी समितीला व महापालिकेला कळवावा. शहाणी तरतूद आहे. पण २०२२ नंतर महापालिकांवर प्रशासक आले. बहुतेक ठिकाणी आयुक्त हेच प्रशासक, आणि स्थायी समितीचे व महासभेचे अधिकारही त्यांच्याकडेच होते. आयुक्तांनी खर्च करायचा आणि स्वतःलाच कळवायचं. एखादा आयुक्त कितीही सचोटीचा असो, ही रचना चुकीची आहे.

एप्रिल २०२५ मध्ये तुझी दुरुस्ती लागू झाली आणि मी आशेने ती वाचली. राज्यांच्या राजधानीची आणि महापालिकेची शहरं यांच्यासाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आलं. ते हवंच होतं. अध्यक्ष महापालिका आयुक्त, उपाध्यक्ष जिल्हाधिकारी, बाकी सदस्य राज्य सरकार ठरवेल. महापौरांचं नाव मी शोधलं. नाही. जिल्ह्यात निदान सहअध्यक्षाची खुर्ची होती, शहरात तू तीही ठेवली नाहीस. शिवाय महाड आणि चिपळूण कुठे गेले? जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि वाशिष्ठी ज्या गावांतून वाहिल्या, ती नगरपरिषदेची गावं आहेत. महापालिका नाही म्हणून त्यांना नवं प्राधिकरणही नाही. त्यांच्यासाठी पुन्हा तेच कलम ४१.

तुझी बाजू मला दिसत नाही असं समजू नकोस. संकटात दहा हुकूम सुटले तर माणसं मरतात. हुकूम एकाचाच हवा. सरपंच पक्षाचा असतो, भावकीचा असतो, जातीचा असतो. मदतीची यादी आपल्या आळीपासून सुरू होते आणि दलितवस्तीपर्यंत पोहोचेतो धान्य संपतं, हे या राज्यात घडलं आहे आणि अशा वेळी परका जिल्हाधिकारीच आधार झाला आहे. ही भीती खरी आहे. तिचा इलाज मात्र सरपंचाला अधिकारच न देणं हा नव्हे, त्याचा हिशेब चव्हाट्यावर मांडायला लावणं हा आहे. कुणाला काय मिळालं याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागू दे, ग्रामसभेत वाचली जाऊ दे, जिल्हाधिकाऱ्याला ती रद्द करायचा अधिकार राहू दे.

वरून आलेला अधिकार एकटाच असला की काय होतं, हे पुण्याला १८९७ पासून ठाऊक आहे. त्या वर्षीच्या ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा झाला, रँडची प्लेग समिती आली, गोरे सोजीर घराघरांत घुसले. रोग हटवायचा होता हे खरं. पण शहराला विचारायचं नाही हेही आधीच ठरलं होतं. त्या कायद्याचा तू वारस नाहीस, तरी २०२० मध्ये तुम्ही दोघे एकत्रच आमच्या गावात आलात.

उलट बाजूचं उदाहरणही देशातच आहे. केरळने २०१८ च्या महापुरानंतर स्थानिक संस्थांना आपापला आपत्ती आराखडा करायला लावलं, त्यासाठी ग्रामसभा भरवल्या. लगेच कोरोना आला, तेव्हा सामुदायिक स्वयंपाकघरं पंचायतींनी कुटुंबश्री या बचतगटांच्या बायकांना बरोबर घेऊन चालवली. तिथे पंचायतीकडे माणसं होती, पैसा होता आणि आपण हे करायचं असतं ही सवय होती. आमच्याकडे हिवरे बाजारसारखी गावं स्वतःच्या हिमतीवर कोरोनामुक्त झाली. त्यांचं कौतुक झालं, पण बाकीच्या हजारो गावांकडे हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांसारखं नेतृत्व नाही. त्यांना कायदाच लागतो.

म्हणून मागणं एवढंच आहे. नागरी प्राधिकरणात महापौरांचं पद नावानिशी घाल. मुदत संपली आणि निवडणूक आपत्तीमुळे लांबली, तर नवी निवड होईपर्यंत आधीचे लोकप्रतिनिधी काळजीवाहू म्हणून राहतील, असं लिही. त्यासाठी घटनेच्या वाटेने जावं लागलं तरी जावं. आणि कलम ४१ ला एक पोटकलम जोड. मसुदा मी माझ्या परीने केला आहे, शब्द विधिज्ञांनी सुधारावेत:

‘आपत्ती ओढवली असेल किंवा ओढवण्याच्या बेतात असेल तेव्हा, जिल्हा प्राधिकरणाचे निदेश मिळेपर्यंत, सरपंचास किंवा नगरपरिषदेच्या अध्यक्षास जीव वाचवणे, लोकांना सुरक्षित जागी हलवणे, निवारा, अन्न, पाणी देणे आणि वाट मोकळी करणे यांसाठी राज्य शासनाने विहित केलेल्या मर्यादेपर्यंत निविदेविना खर्च करता येईल व आवश्यक इमारती, वाहने आणि साधने ताब्यात घेता येतील, अशा प्रत्येक कृतीचा तपशील पंधरा दिवसांत ग्रामसभेपुढे किंवा नगरपरिषदेपुढे कार्योत्तर मंजुरीसाठी ठेवला जाईल, आणि सद्भावनेने केलेल्या खर्चाबद्दल कोणाहीकडून व्यक्तिशः वसुली केली जाणार नाही.’

कळावे,

रायगड जिल्ह्यातला एक ग्रामस्थ