भिंतीला गिलावा का नाही?

मागच्या महिन्यात जळकोटच्या घराची वास्तुशांत झाली. ज्यांना यायला जमलं नाही त्यांनी फोटो मागितले आणि जे आले त्यांनी जेवून निघताना एकच प्रश्न विचारला, "एवढा खर्च केलास, मग भिंतीला गिलावा का नाही केलास?" एका काकांनी तर हळूच बाजूला घेऊन पैशांची अडचण आहे का, असंही विचारलं. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा इथं एकदाच सविस्तर लिहितो. पैशांची अडचण होतीच, पण कारण ते नाही.

ज्यांनी आमचं गाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जळकोट म्हणजे लातूर जिल्ह्याचं टोक. एका अंगाला उदगीर, दुसऱ्या अंगाला अहमदपूर, आणि पलीकडं नांदेड जिल्ह्यातलं मुखेड. बालाघाटाचे डोंगर-माळ, खाली काळा दगड आणि शिवारात काळी माती. आमच्याकडं जमिनीचे दोनच प्रकार, काळी आणि पांढरी. काळीत पिकवायचं, पांढरीत राहायचं. गावठाणाला पांढरी म्हणतात ते उगीच नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर घर टिकत नाही, हे आमच्या पणजोबांना कुठल्याही इंजिनिअरशिवाय ठाऊक होतं.

आमचं जुनं घर पांढरीतलं, माळवदाचं. अडीच फुटी दगडमातीच्या भिंती, आत सागवानी खांब, त्यावर तुळया, वर आडव्या फळ्या-काटक्या आणि त्यावर मातीचा जाड थर. ढाळज, ओसरी, मधे चौक, धान्याचं बळद. स्वयंपाकघरात माळवदाला एक साणं होतं. त्यातून सकाळी नऊच्या सुमाराला उन्हाचा एक कवडसा थेट चुलीजवळ पडायचा. आजीचं घड्याळ तेच. बाहेर मे महिन्यात पारा बेचाळिसावर गेला तरी आत दुपारी गोधडी अंथरून झोप लागायची. आणि रात्री सगळं घर माळवदावर! सुराही, रेडिओ, आणि आजोबांच्या त्याच त्या रझाकाराच्या काळातल्या गोष्टी...

दर उन्हाळ्याच्या शेवटी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा, गळू नये म्हणून. आम्ही पोरं ती माती तुडवायला पुढं. जुना थर कोणी काढायचं नाही, त्यावर नवा चढायचा. वर्षानुवर्षं. डोक्यावर किती टन माती साचली आहे याचा विचार कुणाच्या मनात आला नाही.

३० सप्टेंबर १९९३. मी तेव्हा सातवीत होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. आमच्याकडं भांडी पडली, ओसरीच्या भिंतीला एक तिरपी चीर गेली, बाकी काही झालं नाही. किल्लारी आमच्यापासून लांब. पण मावशीचं घर त्या बाजूच्या एका गावात होतं. आई-वडील तिसऱ्या दिवशी तिथं पोचले. तिथं काय पाहिलं हे आईनं आजपर्यंत पूर्ण सांगितलेलं नाही. एवढंच म्हणाली, की घर कुठलं आणि गल्ली कुठली ते कळत नव्हतं, सगळी पांढरी मातीच होती.

भूकंप ६.२ च्या आसपासचा. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि एवढी माणसं मरत नाहीत. लातूर-धाराशिवकडची पन्नासावर गावं भुईसपाट झाली, हजारो माणसं गेली. कारण आमचीच घरं. जाड दिसणारी ती भिंत खरं तर दोन भिंती असतात, आतली आणि बाहेरची, मधे दगडाचे तुकडे आणि माती भरलेली. दोन्ही कडांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. हादरा बसला की दोन्ही कडा सुटल्या, आणि वर वर्षानुवर्षं चढवलेली माती. काही घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भोवतीच्या भिंती तेवढ्या ढासळल्या, असंही दिसलं. म्हणजे जुन्या बांधणीत शहाणपण होतं आणि मरणही होतं, एकाच घरात.

त्यानंतर आई माळवदाखाली झोपली नाही. बारा महिने तेरा काळ ती परसातल्या पत्र्याच्या खोलीत. उन्हाळ्यात ती खोली म्हणजे भट्टी. आम्ही सांगून थकलो. "भाजंल, पण दबणार तर नाही," हे तिचं ठरलेलं उत्तर.

वडील गेल्यावर दादानं घर पाडून बांधायचं काढलं. त्याच्या मनात रस्त्याकडेच्या काळीतला प्लॉट, वर स्लॅब, समोर काचा लावलेलं 'एलिव्हेशन', आत पीओपीचं सीलिंग. २०१६ चा तो उन्हाळा. लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तिथं काँक्रीटवर मारायला पाणी कुठून आणणार? काम राहिलं. नंतर त्याच्या मित्राचं घर त्याच काळीत उभं राहिलं आणि तिसऱ्या पावसाळ्यात भिंतींना चिरा गेल्या, तेव्हा दादाच म्हणाला, आपली पांढरीच बरी.

मग माझी पाळी. मी पुण्यात राहणारा, वाचणारा माणूस! लॉरी बेकर वाचले. घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, असं गांधीजी बोलल्याचं ते सांगत. ते मला फार पटलं. शिर्डीला जाताना वाट वाकडी करून कोपरगावचं ते विटांचं ग्रंथालय पाहून आलो. समीप पडोरा यांच्या स्टुडिओनं एका शाळेसाठी २०१८ मध्ये बांधलेलं. पातळ विटांच्या तीन थरांचं कवच जमिनीतून लाटेसारखं वर येतं, आत मुलं वाचतात आणि छपरावर चालतात. छपरावर चालणारी मुलं बघून मला आमचं माळवदच आठवलं. त्याच तालुक्यात साकरवाडीला त्यांनीच बांधलेलं जेतवन आहे. तिथं एकही झाड न तोडता इमारती झाडांच्या मधे बसवल्यात, आणि भिंती काळ्या दगडाच्या खाणीतली वाया जाणारी भुकटी ठोकून केल्यात. आपला काळा दगड, आणि असा! मी भारावून परत आलो.

आईला म्हणालो, "आपण परत मातीचंच बांधू. सुधारलेलं माळवद."

आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "बांध की. पर माझ्या डोक्यावर पुन्हा माती घालू नकोस."

त्या एका वाक्यानं माझं सगळं वाचन जागेवर आलं. मी आमचा दगड, आमचं ऊन, आमची माती सगळं धरलं होतं. पण हलणारी जमीनही आमचीच आहे, ती मी सोयीनं सोडली होती. गावाला शोभणारं घर म्हणजे जुन्यासारखं दिसणारं घर नव्हे. तिथल्या माणसाला ज्याची भीती वाटते, त्याचंही उत्तर त्या घरात पाहिजे.

मग नकाशा नव्यानं केला. जुन्या भिंतींचाच काळा दगड, पण सव्वा फूट जाडीचा आणि सिमेंटमध्ये. जोत्याला आणि दारं-खिडक्यांच्या वर चहूबाजूंनी सळईचा काँक्रीट पट्टा. वर स्लॅब, पण खालच्या बाजूला मंगळुरी कौलं बसवलेली. स्लॅबच्या खालच्या भागातल्या काँक्रीटला तसंही फारसं काम नसतं, तिथं कौल बसलं की वजन आणि सिमेंट दोन्ही वाचतं, गरमीही थोडी कमी. गच्चीवर चुना. चौक ठेवला. सागवानी खांब ओसरीत आले. साणं आता काचेचं आहे (पहिल्या पावसात गळलं, नंतर नीट केलं). खाली शहाबादी फरशी. पश्चिमेची एक खिडकी चुकली, संध्याकाळी ती खोली तापते, हे कबूल.

आणि आरपार दगड. उभ्यात दर दोन फुटांवर, आडव्यात दर चार फुटांवर, दोन्ही कडांना पकडणारा एक लांब दगड. मिस्तरी आधी कंटाळला, असे दगड निवडायला वेळ लागतो. आईनं खुर्ची टाकली. रोज सकाळी चहा घेऊन बसायची आणि मोजायची. एकदा तिनं अर्धी भिंत उतरवायला लावली. मिस्तरी माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, काकू म्हणतात तसं करा.

भिंती पूर्ण झाल्यावर गिलाव्याचं सामान आलं, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "नको रे. मला दिसू दे." म्हणून गिलावा नाही. बाहेरून दगडांच्या ओळीत मधे मधे जे दगड जरा वेगळे दिसतात ना, तेच ते आरपार गेलेले.

वास्तुशांतीच्या रात्री पाहुणे गेल्यावर मी परसात गेलो. पत्र्याच्या खोलीला बाहेरून कडी होती. आई ओसरीत, खांबाशेजारी झोपली होती. दाराजवळच, उठून पळता येईल अशा बेतानं. पण छपराखाली, एवढ्या वर्षांनी.

काकांना एवढं सांगा. पैशांचं बघू नंतर.