महाराष्ट्र शासन विरुद्ध मी

गेल्या दिवाळीनंतर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरला : 'नवीन वॉचमनवर गावाकडे केस आहे म्हणे.' त्यातला 'म्हणे' कुणाला दिसलाच नाही. संध्याकाळपर्यंत केसची मारामारी झाली आणि रात्रीच्या जेवणापर्यंत मारामारीचा हाफ मर्डर. दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष माझ्या दारात. "सेक्रेटरी, तुम्ही काढा माहिती. हल्ली सगळं ऑनलाइन असतं."

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. कॉम्प्युटर उघडता येतो एवढ्या भांडवलावर सोसायटीचं सेक्रेटरीपद गळ्यात पडलेलं. तरी आधी जुन्या रस्त्यानं जावं म्हणून पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार म्हणून एक तरुण मुलगी बसली होती. मी वॉचमनचं आधार कार्ड पुढे केलं आणि याचं काही रेकॉर्ड आहे का, असं विचारलं.

"काका, तुम्ही याचे कोण?"

"सोसायटीचा सेक्रेटरी."

"म्हणजे कुणी नाही," ती म्हणाली. उद्धटपणे नाही, फॉर्म भरून घ्यावा तशी.

मग तिनं नीट सांगितलं. पोलिसांच्या संगणकावर देशभरातल्या ठाण्यांची माहिती एकमेकांना जोडलेली असते, पण ती पोलिसांच्या कामासाठी. येईल त्याला कुणाचंही नाव टाकून दाखवत नाहीत. चारित्र्य पडताळणीचा दाखला मिळतो, पण अर्ज ज्याचा त्यानंच करायचा. "त्याला सांगा ऑनलाइन अर्ज टाकायला. आणि तुम्हाला एफआयआरच बघायचे असतील तर आमच्या वेबसाइटवर बघा, सगळ्यांना खुले आहेत."

हे मला खरंच माहीत नव्हतं. घरी येऊन बघितलं तर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणं आणि तारखा निवडल्या की यादी येते आणि प्रत उतरवून घेता येते. त्यानंतरच्या दोन रात्री मी जे वाचलं त्याची थोडी लाज वाटते. 'मी समक्ष पोलीस ठाणेस हजर राहून फिर्यादी जबाब देतो की...' अशी सुरुवात झाली की पुढे माणसाचं सगळं घर उघडं पडतं. शेळी चोरीला गेल्याची एक फिर्याद होती. शेळीचा रंग, डाव्या कानाला चीर, अंदाजे किंमत, आणि शेवटी 'माझा कोणावर संशय नाही'. पान उलटलं की सख्ख्या भावांची पाण्याच्या पाळीवरून कुदळीनं झालेली हाणामारी. बायको म्हणाली, "झोपा आता. दुसऱ्यांच्या घरची भांडणं किती वाचाल?" वॉचमनचा मात्र पत्ता नव्हता.

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त हवालदार राहतात. त्यांना गाठलं तर ते हसायलाच लागले. "केस कुठल्या सालची?"

"माहीत नाही."

"मग शोधताय काय? नेटवर एफआयआर टाकायला लागले तेच 2016 नंतर."

खरंच होतं. युथ बार असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 7 सप्टेंबर 2016 रोजी आदेश दिला, की नोंदवलेला एफआयआर 24 तासांत वेबसाइटवर टाकावा. नेटची बोंब असलेल्या दुर्गम भागात फार तर 72 तास. लैंगिक गुन्हे, मुलांवरचे अत्याचार, दहशतवाद असले नाजूक गुन्हे वगळायचे. अंमल 15 नोव्हेंबर 2016 पासून. त्याआधीचं भांडण असेल तर मी कितीही शेळ्या वाचल्या असत्या तरी उपयोग नव्हता. "आणि एफआयआर म्हणजे काय हो," हवालदार म्हणाले, "एकानं दुसऱ्याबद्दल सांगितलेली गोष्ट. पुढं अ-समरी झाली, ब-समरी झाली, दोषारोपपत्र गेलं, सुटला, आत गेला, त्यातलं काही त्या कागदावर नसतं. कोर्टाच्या साइटवर बघा."

ती ई-कोर्ट्सची साइट. राज्य, जिल्हा, न्यायालय निवडायचं, पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकायचं आणि मग ती वाकडी अक्षरं ओळखून दाखवायची. निम्म्या वेळा मी त्यातच नापास होत होतो. त्यात आपली नावं तिथे इंग्रजीत. एकटं 'चव्हाण' तीन-चार तऱ्हांनी लिहितात, आणि कारकुनानं त्या दिवशी कुठली तऱ्हा वापरली ते आपण ओळखायचं.

साइट नीट चालते की नाही ते कळावं म्हणून मी आधी स्वतःचं नाव टाकलं. वर्षांमागून वर्षं 'नोंद नाही'. 2016 टाकलं आणि एक ओळ आली. महाराष्ट्र शासन विरुद्ध, आणि पुढे माझं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. एस. सी. सी. नंबर अमुक. निकाली. निकालाचं स्वरूप : प्लेड गिल्टी.

मी चष्मा पुसला. मग आठवलं. इथे साताऱ्यात पोवई नाक्यावर स्कूटर अडवली होती, लायसन्स घरी राहिलं होतं, आणि पावती फाडण्याऐवजी मी हवालदाराला कायदा शिकवत बसलो. पुढे समन्स आलं. लोकअदालतीत रांगेत उभा राहिलो, "कबूल आहे?" "आहे," दोनशे रुपये भरले आणि बाहेर येऊन भेळ खाल्ली. ते 'आहे' एवढी वर्षं तिथे माझी वाट बघत बसलं असेल असं कशाला वाटेल? हे मी त्या रात्री बायकोलाही सांगितलं नाही.

वॉचमनच्या नावानं साताऱ्याच्या कोर्टात काहीच मिळालं नाही. म्हणजे त्याच्या नावाआडनावाचा एक जण चोरीच्या गुन्ह्यात होता, पण त्याच्या वडिलांचं नाव वेगळं. आपल्याकडे नाव तीन घरांचं असतं हे किती बरं, ते मला तेव्हा कळलं. मधलं घर नसतं तर मी त्या रात्री एका माणसाची नोकरी घालवली असती, आणि तीही पुराव्यानिशी. मी अध्यक्षांना कळवून टाकलं : 'क्लिअर.'

हवालदारांनी पुन्हा कपाळाला हात लावला. "अहो, गुन्हा गावाकडचा म्हणताय ना? त्याचं गाव पाटण तालुक्यात. मग केस पाटणच्या कोर्टात चालणार. साताऱ्यात कशी सापडेल?" मग त्यांनी माझं उरलंसुरलं समाधानही घालवलं. एन. सी., म्हणजे अदखलपात्र तक्रार, एफआयआरच्या यादीत येत नाही. चॅप्टर केस कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे चालते, ती कोर्टाच्या साइटवर दिसत नाही. "आम्ही काय करायचो? गावच्या पोलीस पाटलाला विचारायचो. पाच मिनिटांचं काम."

न्यायालयाच्या यादीत पाटण निवडलं, एकेक वर्ष टाकत गेलो, आणि 2014 ला तो सापडला. वडिलांचं नाव बरोबर. आर. सी. सी., भा. दं. वि. कलम 324, 504, 506, 34. आरोपी चार, चौघांचं आडनाव एकच. खाली : निर्दोष मुक्तता.

ही कलमं गावाकडचा कुठलाही माणूस पाढ्यासारखी म्हणून दाखवील. हत्यारानं दुखापत, शिवीगाळ, दमदाटी, आणि हे सगळं 'मिळून' केलं. (नव्या न्याय संहितेनं 1 जुलै 2024 पासून हा पाढा मोडला. जुनं 324 आता 118 मध्ये गेलं आणि नव्या 324 मध्ये मालमत्तेची नासधूस आली. जुना एफआयआर नव्या पुस्तकातून वाचणाऱ्याचा चांगलाच गोंधळ उडेल.)

आता निर्दोष म्हटल्यावर विषय संपायला हवा होता. पण अध्यक्षांना सांगितलं तर ते म्हणाले, "सुटला म्हणजे केलंच नसेल असं थोडंच आहे? निकाल वाचायला पाहिजे." निकालाची प्रत साइटवर नव्हती. म्हणून मी एसटीनं पाटण गाठलं. एका वॉचमनसाठी, हो.

नक्कल विभागात खिडकीपलीकडून पहिला प्रश्न, "पक्षकार का?" नाही म्हटल्यावर, "मग अर्जात कारण लिहा." बाहेरच्या बाकावर एक वकील डबा खात होते. त्यांनी चपातीचा घास हातात धरूनच समजावलं : ज्याच्यावर निकालाचा परिणाम होतो त्याला नक्कल हक्कानं मिळते. त्रयस्थालाही मिळू शकते, पण उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे, फी भरून, आणि कशाला हवी ते सांगून. मी अर्ज लिहायला घेतला. नाव, पत्ता, केस नंबर, सगळं बँकेच्या सवयीनं झरझर लिहिलं. 'कारण' पाशी पेन थांबलं. 'वॉचमन ठेवायचा आहे' असं लिहिलं आणि खोडलं, कारण तो ठेवून दोन महिने झाले होते. 'सोसायटीची सुरक्षितता' लिहिलं, तेही खोडलं. दोन महिन्यांत त्यानं रात्री उघडी राहिलेली चार गाड्यांची दारं लावली होती आणि पाण्याची टाकी एकदाही वाहून जाऊ दिली नव्हती. अर्जावर इतकी खाडाखोड झाली की तो तसाही कुणी घेतला नसता. मी चहा प्यालो आणि परतीची गाडी धरली.

रात्री गेटवर त्याला विचारलं. कसं विचारायचं याची गाडीत केलेली तयारी वाया गेली, कारण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो केबिनमध्ये गेला आणि खुर्चीखालची पत्र्याची पेटी ओढून एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. आत निकालाची नक्कल. कोर्ट फीचे स्टॅम्प, गोल शिक्का, 'खरी नक्कल'. शेवटचं पान त्यानं लॅमिनेट करून घेतलं होतं. आत हवा राहिल्यामुळे सहीपाशी फुगा आला होता.

"पहिल्या नोकरीला विचारलं, तवा काढली. दुसरीला पुन्हा विचारलं. मग पक्कीच करून टाकली," तो म्हणाला.

बांधावरून चुलत्याशी भांडण. हाणलं थोरल्या भावानं. पण फिर्याद देताना घरातले झाडून सगळे बाप्ये घातले, तसा हाही आला. पुढे दोन्ही घरं एक झाली. पण 324 मध्ये तडजोड करता येत नाही, मिटलं तरी केस चालतेच. मग चुलता स्वतः साक्षीला उभा राहिला आणि 'कुणी मारलं ते मला दिसलं नाही' म्हणाला. निकालात लिहिलं होतं, फिर्यादी फितूर. चुलत्यानं खोटं सांगितलं आणि त्यामुळे खरं ते झालं, हे मी कमिटीला कसं समजावणार होतो कोण जाणे.

चारित्र्य पडताळणीचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून माझ्या कॉम्प्युटरवर भरला. केस झाली होती का या रकान्यात त्यानं मला केस नंबर तोंडपाठ सांगितला.

मीटिंग रविवारी झाली. मी सगळं वाचून दाखवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची मुलगी न्यू जर्सीत असते. त्या म्हणाल्या, "तिच्याकडे तर अशा माणसांची यादी पत्त्यासकट कुणालाही बघता येते. आपल्याकडे का नाही?" ती यादी लैंगिक गुन्हेगारांची, आणि तसा कायदा आणणाऱ्या पहिल्या राज्यांत न्यू जर्सीच होतं. आपल्याकडेही सप्टेंबर 2018 मध्ये तशी राष्ट्रीय नोंदवही झाली, पण ती फक्त पोलिसांना उघडते, असं मी सांगितलं. हवालदार मध्येच म्हणाले, "आमदारकीला उभे राहणारे स्वतःवरच्या केसेस शपथपत्रात लिहून देतात. सर्वोच्च न्यायालयानंच लावलंय, 2002 पासून. पेपरात तीन-तीनदा छापून येतं. ते वाचून मत कुणी दिलं?" यावर सगळ्यांनी आपापल्या मोबाइलमध्ये बघितलं.

अध्यक्ष म्हणाले, "तरी रेकॉर्ड असलेला माणूस गेटवर..."

मग मात्र मी माझी ओळ वाचली. महाराष्ट्र शासन विरुद्ध सेक्रेटरी, गुन्हा कबूल. कागदोपत्री बघायचं तर या इमारतीत दोष शाबीत झालेला इसम मी आहे, वॉचमन नाही. क्षणभर शांतता, मग असा हशा पिकला की खालून वॉचमन वर बघायला आला. ठराव झाला नाही. इतिवृत्तात काय लिहायचं यावर अर्धा तास गेला आणि शेवटी 'चर्चा झाली' एवढंच लिहिलं.

रात्री साडेनऊला बेल वाजली. काकू. हातात ताटलीवर झाकलेली वाटी, वाटीत बेसनाचे लाडू, म्हणजे काम होतं.

"धाकटीला एक स्थळ आलंय. कऱ्हाडचे आहेत. त्या साइटवर जरा बघाल का?"

मी कॉम्प्युटर उघडला. "मुलाचं नाव सांगा. वडिलांच्या नावासकट."

काकूंनी जिन्याकडे एकदा बघून घेतलं. "मुलाचं राहू द्या," त्या म्हणाल्या. "वडिलांचंच बघा."